खुर्चीपर्यंतचं अंतर

१

गल्लीत त्यांना सगळे मापारी म्हणत. त्यात थोडी चेष्टा असली तरी खोटं काही नव्हतं. उभी नोकरी त्यांनी दुकानदारांची वजनंमापं तपासण्यात घालवली होती. कापडवाल्याची मीटरपट्टी बोटभर आखूड निघाली तरी ती जप्त व्हायची, मग तो कापडवाला नात्यातला का असेना. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, सुट्टीच्या दिवशी अशा माणसाने करायचं काय? घरातल्या दारांची उंची मोजून झाली, डब्यातली साखर तोलून झाली, आणि बायकोच्या नाकी नऊ आले. शेवटी तिनेच माळ्यावरून आपल्या वडिलांचा बंद पडलेला कॅमेरा काढला आणि नवऱ्यापुढे ठेवला.

"हा घ्या. हा मेलाय. याच्या मागे लागा आणि मला सोडा."

मापारींनी तो जिवंत केला. मग जुन्या बाजारातून दुसरा आणला, मग तिसरा. कुणाच्या भिंगावर बुरशी चढलेली, कुणाचं वंगण सुकून दगड झालेलं, कुणाच्या शटरच्या पात्या एकमेकींना चिकटून बसलेल्या. जेवणाच्या टेबलाची अर्धी बाजू बारीक स्क्रूड्रायव्हर, चिमटे आणि कापसाच्या बोळ्यांनी बळकावली. न्हाणीघरात फिल्म धुण्याचं सामान आलं. घराला सुटे भाग धुवायच्या पेट्रोलचा वास लागला. बायको आल्यागेल्याला सांगायची, माझ्या सवती पेट्रोल पितात.

गल्लीतल्या बायकांनी या गृहस्थांच्या बायकोला "मापारीणबाई" करून टाकलं होतं, आणि पुढे नुसतं "बाई" राहिलं. आपणही तेच म्हणू.

तर नियम असा होता, की जिवंत झालेल्या कॅमेऱ्याचा पहिला रोल बाईंवर. खिडकीजवळ वेताची खुर्ची, सकाळचं ऊन, खुर्चीत बाई, समोर ट्रायपॉडवर कॅमेरा. ट्रायपॉडला एक दोरी बांधलेली असे आणि तिच्या दुसऱ्या टोकाला गाठ. बाईंनी दोरी ताणून ती गाठ नाकाच्या शेंड्याला लावायची. गाठ म्हणजे बरोबर दोन मीटर. भिंगाभोवतीच्या कडीवरही दोन आले, की कॅमेरा खरा. मग बाई गाठ मांडीवर ठेवत, पदर सारखा करत आणि म्हणत, "उरका आता."

लेक लहान असताना तिलाही गाठ नाकाला लावायची फार हौस. तिचा नंबर लावल्याशिवाय रोल पुढे सरकत नसे. आता तिचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं, आणि दर रविवारी ती स्वतःच्या किल्लीने दार उघडून आत यायची.

कपाटात बाईंचे फोटो रचून ठेवलेले होते. एकाच खुर्चीत, एकाच उन्हात, काळे केस, करडे केस, पांढरे केस. कुठल्या राणीचेही कुणी इतके काढले नसतील. मापारी तोंडाने कधी गोड बोलले नाहीत, पण ते कपाट उघडलं की माणसाला सगळं कळत असे. दोघांचा एकत्र फोटो मात्र एकही नव्हता. काढणार कोण?

२

तो कॅमेरा एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या सामानातून आला. जड, ओबडधोबड, कातडं सुटलेलं. मापारींचा त्याच्यावर पहिल्याच दिवशी जीव जडला. त्यांनी तो स्क्रूस्क्रूने मोकळा केला, साफ केला, तेलाचं बोट लावलं, आणि एका दुपारी शटरने असा स्वच्छ आवाज दिला की बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "झालं वाटतं बाळंतपण."

या जातीच्या कॅमेऱ्यात डोळा लावला, की मधोमध एक पिवळसर चौकोन दिसतो. त्यात समोरच्या वस्तूच्या दोन प्रतिमा असतात, जरा सरकलेल्या. भिंगाची कडी फिरवत गेलं की त्या एकमेकींकडे येतात. एकीवर एक नीट बसली, की अंतर जुळलं. कडीवरचा आकडा वाचायचा, वस्तू तितकी लांब. लेकीला मापारींनी हे शिकवलं होतं ते असं: दोन आयांची एक आई कर.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई खुर्चीत बसल्या, गाठ नाकाला लावली. मापारींनी कडी फिरवली. दोन बाई जवळ आल्या, एक झाल्या. त्यांनी आकडा पाहिला.

कडी तीनवर होती.

"हललीस का?"

"गाठ नाकाला आहे हो माझ्या. शिंक आली तरी हलले नाही."

मापारींनी पुन्हा जुळवलं. तीन. मग त्यांनी चौकोन बाईंवरून खुर्चीच्या हातावर नेला. दोन. खुर्चीचा हात दोन मीटरवर आणि त्या हातावर कोपर टेकून बसलेली बाई तीन मीटरवर. बाईंच्या पाठीमागची भिंत अडीचवर होती.

मापारी मनाशी हसले. नवीन जावयासारखा कॅमेरा आहे, म्हणाले, घरात रुळायला वेळ घेतोय. त्यांनी तो खिडकीतून बाहेर धरला आणि लांबच्या पाण्याच्या टाकीवर लावला. टाकी जिथे यायला हवी तिथे आली, कडीच्या अगदी शेवटी, अनंत अंतराच्या आडव्या आठाच्या खुणेवर. समोरच्या खिडकीतला शिंपी आला, तोही बरोबर. चूक फक्त बाईंची होत होती.

त्यांनी अर्धा रोल दोरीच्या मापाने काढला आणि अर्धा कॅमेऱ्याच्या. हातचं राखून ठेवणं त्यांना ठाऊक नव्हतं. दोन्ही मापं घ्यायची आणि खोटं कोण ते कागदावर बघायचं.

३

फोटो सुकले तसे त्यांनी टेबलावर ओळीने मांडले.

दोरीच्या मापाने काढलेल्यांत खुर्चीच्या वेताची वीण न् वीण मोजून घ्यावी इतकी स्पष्ट होती. तिच्यात बसलेल्या बाई धूसर होत्या.

कॅमेऱ्याच्या मापाने काढलेल्यांत उलटं होतं. बाईंच्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या, कानातली कुडी, हनुवटीवरचा तीळ, सगळं कोरल्यासारखं. आणि खुर्ची, भिंत, भिंतीवरचं घड्याळ पुसट.

मापारी बराच वेळ भिंग घेऊन बसले. एक गोष्ट त्यांना दिसून खटकली, आणि खटकूनही त्यांनी बाईंना सांगितली नाही. स्पष्ट आलेल्या सगळ्या फोटोंत बाईंच्या कपाळावरचे केस एका बाजूला उडालेले होते. ऊन चांगलं पडावं म्हणून त्यांनी खिडकी उघडी ठेवली होती हे खरं, पण सकाळी वारा नव्हता. पंखा तर बंदच असतो, फोटोत धूळ नको म्हणून.

"कसे आलेत?" बाईंनी विचारलं.

"तू छान आलीस."

"आज काय विशेष?" बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं.

मापारी उठून त्यांच्याजवळ गेले. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा होता, ऊबदार होता, साडीला साबणाचा वास होता. मापारींना स्वतःचंच हसू आलं. मग जागेवर येऊन बसताना त्यांना जाणवलं की आपल्याला थोडी धाप लागली आहे.

४

पुढच्या रविवारी लेक आली आणि तिने हौसेने कॅमेरा हातात घेतला. खुर्चीतल्या आईवर लावला, ओठ दुमडून कडी फिरवली, जुळवली आणि खाली पाहिलं.

"बाबा, याचं डोकं फिरलंय. आईला पाच मीटरवर दाखवतोय."

"गेल्या वेळी तीन होतं," मापारी पटकन बोलून गेले.

"म्हणजे दर आठवड्याला वेडा होत चाललाय. दे टाकून. आई, एवढ्या लांब निघालीस कुठे?"

बाई हसल्या. लेकही हसली. मापारींनी चमचा कपात फिरवणाऱ्या बाईंच्या हाताकडे पाहिलं. चमचा कपाच्या कडेला लागला. आणि मग, किंचित मागाहून, किणकिणलं.

त्यांनी कानाला हात लावून पाहिला. वय झालं की कान मागे राहतात, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण लेकीच्या हातातला चमचा वेळेवर वाजत होता.

"आई, तू अशी हळू का बोलतेस? घसा बसलाय?"

"मी हळू बोलते? तुम्ही दोघंच कधीची कुजबुजताय."

लेक जाताना दारात थबकली. "बाबा, आईला डॉक्टरकडे नेऊया का? बारीक वाटतेय मला." मापारींनी मान हलवली. डॉक्टरने बाईंना तपासलं, नाडी पाहिली, छाती ऐकली, आणि उत्तम म्हणून सांगितलं. छातीला नळी लावल्यावर त्याने एकदा ती काढून झटकली आणि पुन्हा लावली, एवढंच.

मग चहाचं सुरू झालं. बाईंचे गुडघे दुखत, म्हणून सकाळचा चहा मापारी करत. वाफाळता कप घेऊन ते खुर्चीपाशी जात, आणि बाई घोट घेऊन म्हणत, "गार आहे हो." एकदा झालं, दोनदा झालं. मापारींनी थर्मास आणला. गार म्हटलं की त्यांना राग यायचा, आणि राग आला की बरं वाटायचं, कारण तेवढ्या वेळापुरती ती साधी नवराबायकोची कुरबूर असायची.

"स्वयंपाकघरात येऊन घे ना मग गरम," ते एकदा वैतागून म्हणाले.

"नको बाई. लांब पडतं आता."

हे तर सगळ्याच म्हाताऱ्या माणसांच्या तोंडचं वाक्य.

५

त्या आठवड्यात मापारींनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. माप खोटं केलं.

कॅमेऱ्याचं वरचं झाकण काढलं, की आत अंतर जुळवणारा एक इवलासा स्क्रू असतो. बाईंना खुर्चीत बसवून, गाठ नाकाला लावून, त्यांनी तो स्क्रू इतका फिरवला की दोन बाईंची एक बाई बरोबर दोनवर झाली. बास. झाकण लावून टाकलं. खुर्ची चुकली, भिंत चुकली, शिंपी चुकला, टाकी तर भलतीकडेच गेली, पण बाई दोन मीटरवर आल्या. ज्या माणसाने बोटभर खोट्या मीटरपट्टीसाठी लोकांना रडवलं, तो ते यंत्र मांडीवर घेऊन गुपचूप बसला होता, आणि त्याला फार समाधान वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा तीनवर होत्या. त्याच्या पुढच्या दिवशी पाचवर.

मापारींनी निमूट स्क्रू मूळ जागी आणला. टाकी जागेवर आली, शिंपी आला, खुर्ची आली. बाई दहाच्या पलीकडे होत्या.

त्यांनी नवे आणि जुने फोटो शेजारी ठेवले. पूर्वी बाईंचं डोकं खुर्चीच्या पाठीच्या वर येत असे. आता ते पाठीच्या आत मावत होतं. म्हातारपणी माणूस खुजं होतं, मापारींच्या मनाने लगेच सांगितलं. होतंच. त्यांची स्वतःचीही विजार लांब होत होती. पण एका महिन्यात?

कॅमेरा कपाटात कुलूप लावून ठेवला. मोजलं नाही म्हणजे वाढणार नाही, असं त्यांच्यासारख्या माणसाने मानावं, यावरून त्यांची काय दशा झाली होती ते समजून घ्यावं. घर शांत होतं. बाई खुर्चीत बसून काहीतरी निवडत होत्या. ताटलीत दाणा पडताना दिसायचा, आणि त्याचा आवाज मागाहून यायचा. कपाट बंद होतं तरी यायचा.

६

"अगं," त्यांनी एका सकाळी विचारलंच. "तू कुठे आहेस?"

बाई मान वर करून पाहत राहिल्या. प्रश्न पोचायला वेळ लागला असावा.

"खुर्चीत. कुठे असणार?"

"तुला काही होतंय का?"

"मला? तुमचीच काळजी लागलीय मला. आवाज किती बारीक झालाय. दिसताही असे एवढेएवढेसे. जेवत नाही का धड?"

म्हणजे तिलाही दिसत होतं. तिच्या बाजूने लांब जात होते ते मापारी.

ते उठले, कपाटातून दोरी काढली, एक टोक ट्रायपॉडला बांधलं आणि गाठ नेऊन बाईंच्या हातात दिली. परत येऊन त्यांनी दोरी हलकेच ओढली. डोळ्यांसमोर दोन मीटरची, रोजच्या वापरातली दोरी होती. हाताला मात्र लांबच लांब दोर ओढल्यासारखी जड लागली. त्यांनी ओढल्यावर थोड्या वेळाने पलीकडून बाईंनी ओढलं. पुन्हा त्यांनी ओढलं, पुन्हा बाईंनी. दोघं कितीतरी वेळ तेच करत बसले.

"भीती वाटते का गं तुला?"

"नाही हो. इथं बरंय." बाईंनी केस मागे सारले. "वारा छान येतो. भिंत मागे मागे सरकलीय जरा, त्यामुळे मोकळं वाटतं." मग त्या दोरीची गाठ बोटांत फिरवत राहिल्या. "तुम्ही नाही एवढंच."

मापारींना रडू आलं. त्यांनी ते दाबलं नाही. इतक्या लांबून तिला दिसणार नाही, असं त्यांना वाटलं. पण बाई म्हणाल्या, "पुसा ते नाक. रविवारी लेक यायची आहे."

७

रविवारी सकाळी ऊन चांगलं पडलं होतं. मापारींनी कॅमेऱ्यात नवा रोल भरला, डोळा लावला आणि कडी फिरवली. दोन बाई जवळ येत गेल्या, अगदी जवळ आल्या, एक झाल्या. कडी आडव्या आठाला टेकायला केसभर उरली होती. त्या खुणेच्या पुढे कडी फिरत नाही. त्याच्या पुढे गेलेल्या माणसाला जुळवून घ्यायची सोय त्या यंत्रात नाही, आणि मापारींना ठाऊक असलेल्या दुसऱ्या कुठल्या यंत्रातही नव्हती. उद्या तिथे नुसती खुर्ची असली तर?

जाऊन तिच्याशेजारीच राहायचा त्यांचा निर्णय झालेला होता. लेकीसाठी काहीतरी सांगून ठेवावं असं रात्रभर मनात होतं, पण काय सांगणार? अंतर तर तिने स्वतःच मोजलं होतं.

या कॅमेऱ्याला एक लहानशी दांडी होती. ती खाली ओढून सोडली की यंत्र जरा वेळ गुणगुणतं आणि मग आपोआप फोटो काढतं, काढणाऱ्याला धावत जाऊन फोटोत बसता यावं म्हणून. मापारींनी ती कधी वापरली नव्हती. त्यांनी बगलेत स्टूल घेतलं, खांद्याला चहाचा थर्मास अडकवला.

"गाठ धरलीस?"

बराच वेळ गेला. "धरलीय."

त्यांनी दांडी सोडली आणि दोरी हातात धरून निघाले.

पहिल्या काही पावलांत काही वेगळं नव्हतं. टेबलाचा कोपरा मागे गेला, फरशीची रेघ आली, मग पुढची रेघ. मग पुन्हा तशीच रेघ. मापारींनी खाली बघणं सोडून दिलं आणि दोरीवर लक्ष ठेवलं. ती हातातून सरकत होती, सरकतच होती. यंत्राची गुणगुण पाठीमागे हलकी होत गेली. डाव्या बाजूने वारा यायला लागला. छातीचा भाता झाला, स्टूल बगलेत रुतलं, आणि एकदा त्यांना वाटलं की इथे बसावं जरा, पण तेवढ्यात दोरीला पलीकडून ओढ बसली आणि ते चालत राहिले. मागे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

"किती वेळ लावलात," बाई म्हणाल्या. आवाज अगदी कानाशी होता. धडधडीत, नेहमीचा, थोडा रागावलेला.

मापारी स्टुलावर टेकले. बाईंचं डोकं त्यांच्या खांद्याशी बरोबर पूर्वी यायचं तिथे येत होतं. त्यांनी थर्मास उघडून झाकणात चहा ओतला. बाईंनी घोट घेतला आणि डोळे मिटले.

"गरम आहे."

तेव्हा कुठे लांबून, चिमणीने दाणा फोडावा इतका बारीक, शटरचा आवाज आला.

दोघं तसेच बसून होते. वाऱ्याने बाईंचे केस त्यांच्या तोंडावर येत होते. मग पलीकडे दाराची हालचाल झाली. लेक आली होती. हातात पिशवी, ओठ हलत होते. ती आई म्हणून हाक मारते आहे हे मापारींना ओठांवरून कळलं, आणि हाक मागाहून आली. त्यांनी ओ दिली. बाईंनीही दिली. लेकीने खुर्चीकडे पाहिलं, पाहतच राहिली, आणि मग तिने हात कपाळाशी आडवा धरला, उन्हात लांबचं माणूस ओळखताना धरतात तसा.

पिशवी खाली ठेवून ती कॅमेऱ्यापाशी गेली. डोळा लावला. ओठ दुमडून ती कडी फिरवत होती, जपून, शिकवलं होतं तशी. दोन आयांची एक आई, दोन बाबांचा एक बाबा. ती थांबली. कडीकडे बघायला तिने मान खाली घातली नाही.

मग तिने ट्रायपॉडची दोरी सोडवली आणि टोक हातात घेतलं. मापारींच्या तळहाताला हलकी ओढ जाणवली. लेकीने एक पाऊल टाकलं.

"नको," मापारी ओरडले. त्यांना माहीत होतं की हे पोचेपर्यंत ती अर्ध्यावर आलेली असेल.

"सोडा हो," बाई म्हणाल्या. "आपण धरलंय तोवर ती येत राहील. तिला घर आहे. मुलं आहेत."

मापारींना दोरी सोडवेना. दुसऱ्या टोकाला त्यांची पोर होती. त्यांनी एकदा, जमेल तितकं हळू, दोरी ओढली. थोड्या वेळाने तिकडून तिने ओढली. मग त्यांनी बाईंच्या बोटांतून गाठ सोडवून घेतली आणि हात उघडला.

दोरी जमिनीवरून सरसरत निघाली. बराच वेळ जात राहिली. लेक जागेवर उभी राहून ती ओढून घेत होती, आणि शेवटचं टोक आलं तशी ती खाली वाकली. ती सरळ झाली तेव्हा गाठ तिच्या हातात होती, आणि तिने ती उचलून, त्यांच्याकडे तोंड करून, नाकाच्या शेंड्याला लावली.